उडवीतली सायकल

शांत रस्त्यावर माझा विश्वास नाही. जन्म कल्याणात गेला. ज्या गल्लीत आवाज नाही तिथलं भांडण नुकतंच मिटलेलं असतं किंवा आता पेटणार असतं, एवढा माझा अनुभव. त्यामुळे आटगावचा आमचा मेव्हणा जेव्हा म्हणाला, "भावोजी, शहापुराकडून मुरबाडला सायकलवर जाऊन बघा. वाटेत एक मोटार भेटली तर माझं नाव बदला," तेव्हा मला पहिली शंका आली की हा मला तिकडे का पाठवतोय. दुसरी शंका, मी घरी नसताना हा आमच्याकडे किती दिवस जेवणार. आणि तिसरी, की म्हणतो ते खरं असेल का. ही तिसरी तपासायला मी निघालो.

लढाई चालू होती. पेट्रोल रेशनवर होतं, आणि ज्या मोटारी कोळशाच्या धुरावर चालत त्या चढ आला की उतारूंनाच खाली उतरवून ढकलायला लावत. सायकलीचा टायर मिळवायला जावयासारखी वट लागे. अशा दिवसांत माझी सायकल मी पोटच्या पोरासारखी सांभाळत होतो असं लिहिणार होतो, पण बायको वाचेल. पोरांना मी कुलूप लावत नाही.

आमचं शिवणकामाचं दुकान. त्या वर्षी मिलिटरीच्या कपड्यांचं काम मिळालं होतं आणि खाकी कापडाचे तुकडे उरत होते. शिंप्याकडे तुकडे उरतातच, त्यात संशय घेण्यासारखं काही नाही. त्याची मी स्वतःसाठी एक हाफपँट शिवली, आणि डोक्याला एक गिऱ्हाईक विसरून गेलेली साहेबी सोला हॅट. आरशात पाहिलं तर फार रुबाबदार दिसलो. बायको म्हणाली, "जायचं तर जा, पण त्या चड्डीत जाऊ नका. लोक घाबरतील." मला वाटलं, बाईमाणसाला रुबाब कळत नाही.

आसनगाव ते भातसा

आसनगावला गाडीतून सायकल उतरवून घेतली आणि फलाटावरच घंटा, पंप, दिवा, कुलूप सगळं जागेवर आहे का बघितलं. हमाल बघत उभा होता.

"शेठ, तुमच्या सायकलला कोन हात लावनार? हातच काळा व्हयाचा."

म्हणजे यानं हात लावून बघितला होता, हे मी मनात टिपून ठेवलं.

शहापूर मागे टाकलं आणि मेव्हण्याचं नाव बदलायची वेळ काही येईना. दुतर्फा आंब्याची झाडं, मध्ये मऊ धुळीचा रस्ता, त्यावर बैलगाडीच्या चाकोऱ्या. माझ्या टायरचा आवाज मला ऐकू येत होता. हे मला नवीनच. कल्याणात मी घंटेच्या जोरावर सायकल चालवतो; इथं घंटा वाजवली तर ती ऐकायला एक सातभाई पक्ष्यांचा घोळका, आणि तोही उलट माझ्यावरच ओरडला.

भातसा नदीच्या उतारावर पाणी गुडघ्याइतकं होतं. सायकल पाण्यातून ढकलली तर गंज चढेल म्हणून खांद्यावर घेतली. समोरून एक म्हातारा बैलजोडी घेऊन पाण्यात उतरला. म्हशाची बैलांची जत्रा भरली होती, सगळी जनावरं तिकडेच चाललेली. हा मात्र उलटा येत होता, म्हणून मी चौकशी केली.

"इकले नायत," तो म्हणाला. "गिऱ्हाइकाची नजर चांगली नव्हती. तुमचं काय? माणूस सायकलवर बसतो हे ठाव होतं. सायकल माणसावर बसलेली आज पयल्यांदा बगली."

आणि बैलांनासुद्धा कळावं अशा मोठ्यानं हसत गेला.

किन्हवलीच्या पुढे

इथून रस्ता सोडला आणि शेतांमधल्या बांधावरच्या वाटेला लागलो. हा भाग कसा आहे तो सांगतो, कारण तुमच्यापैकी कोणी तिकडे जाईल असं मला वाटत नाही. भात कापून झालेलं, पण सखल खाचरांत पाणी अजून उभंच. कापलेल्या धाटांचे खुंट पाण्यातून वर आलेले. मधल्या एका तळ्यात पोयणीची पांढरी कमळं फुललेली, आणि पाण्यात बगळे असे उभे की जणू कोणीतरी धोतरं वाळत घालून विसरून गेलंय. जिथं पाणी ओसरलं तिथं ओल्या मातीत वाल पेरलेला, कोवळा, हिरवागार. बांधाची वाट हातभर रुंद. डावीकडे पाणी, उजवीकडे पाणी, आणि मध्ये मी, तोल सांभाळत, आभाळाच्या दोन तुकड्यांमधून सायकल चालवत.

इतकं छान होतं की मला भीती वाटू लागली.

कारण माणसं दिसत नव्हती. म्हणजे दिसत होती आणि मग दिसत नव्हती. लांबून एक बाई वालाच्या शेतात वाकलेली दिसे. मी जवळ जाईपर्यंत शेत रिकामं. एका पाड्यावर शिरलो तर दारं लागल्याचे आवाज एकापाठोपाठ एक. एका ओटीवर हुक्का धूर सोडत होता, ओढणारा गायब. पाणी मागितलं तर आतून उत्तर आलं, "नाय." रस्ता विचारला, "नाय." मी म्हटलं, गावाचं नाव तरी? "नाय."

माझी खात्री पटली की हे दरोडेखोरांचं गाव आहे.

खरी गोष्ट मला दुसऱ्या दिवशी कळली. तुम्हाला आत्ताच सांगतो, म्हणजे माझा मूर्खपणा पहिल्यापासून नीट दिसेल. त्या दिवसांत सरकार घरोघर जाऊन भात वसूल करत होतं. खायला किती ठेवायचं, बियाला किती ठेवायचं हे वसुलीचा कारकून ठरवी. आणि हा कारकून येई सायकलवर, खाकी हाफपँट घालून, सोला हॅट लावून. त्या मुलखात दुसरी सायकलच नव्हती. मी दरोडेखोरांच्या गावात शिरलो असं मला वाटत होतं, आणि गावाला वाटत होतं, दरोडेखोर गावात शिरलाय.

पाणथळावरचं घर

ऊन कलता कलता चाक बसलं. बाभळीचा काटा. तो वाटेवर कोणी मुद्दाम ठेवला असणार हे मी धरूनच चाललो. बांधावर बसून ट्यूब काढली, फुगवली आणि खाचराच्या पाण्यात बुडवून बुडबुडे शोधू लागलो. मान वर केली तर समोर एक बाई उभी. पन्नाशीची, कासोटा आवळलेला, हातात विळा.

"काय टाकलं पान्यात?"

"काही नाही, बाई. हवा कुठून जाते ते बघतोय."

"हवा बगाया इतक्या लांब आले?"

ही जनी. तिच्या मागून तिचा नवरा राघो आला. उंच, हाडकुळा, आणि बोलायला मोजके शब्द मिळाल्यासारखा. पंक्चरच्या सोल्यूशनची नळी उघडली तर आतल्याचा वाळून दगड झालेला. चाक दुरुस्त होईना. सूर्य पोयणीच्या पानांपर्यंत खाली आलेला. मी म्हटलं, रात्रीपुरती जागा मिळेल का?

नवराबायकोनं एकमेकांकडे बघितलं. नाही म्हणायची त्यांची फार इच्छा होती, हे अंधुक उजेडातही दिसत होतं. तरी राघो म्हणाला, "चला." आणि ओटीवर घोंगडी अंथरली. मनात नसताना माणूस घोंगडी अंथरतो म्हणजे त्याचा डोळा सायकलीवरच असणार. कल्याणात मी हीच गोष्ट ओळखली असती आणि निघून गेलो असतो. इथं निघून जायला चाक नव्हतं.

म्हणून मी माझ्या मते फार हुशारीचा डाव टाकला. घराच्या मागे पेंढ्याची मोठी गोल उडवी रचलेली होती. राघो गोठ्यात, जनी चुलीशी. मी सायकल हळूच मागे नेली आणि उडवीत लपवू लागलो. पुढचं चाक गेलं, मागचं जाईना. पेंढा उपसला. हात आणखी आत घातला, तर हाताला काहीतरी कडक लागलं. गोल. पुढे आणखी एक. वरून दोरी आवळलेली.

लढाईचे दिवस. गोल, कडक, आवळलेलं. तुम्हाला काय वाटलं असतं? मला तेच वाटलं. मी हात जिथं होता तिथंच ठेवला आणि बाँबगोळा हात लावलेला असताना फुटतो की काढल्यावर, याचा विचार करू लागलो. मग वाळल्या भाताचा, उन्हाचा, पेंढ्याचा असा एक वास आला आणि बोटांवर चार दाणे सांडले.

"बगितलं?"

जनी पाठीमागे उभी होती.

"बाई, मी फक्त सायकल…"

"बगितलं ना? मग आता सांगा, काय पायजे?"

"मला काही नको."

"काय नको म्हनतो तो जास्त मागतो. आमी काय आज नाय जल्मलो."

राघोही आला. मी दोघांना सांगितलं की मी कल्याणचा शिंपी आहे आणि सायकलवर फिरायला आलोय. हे ऐकून दोघांचे चेहरे आणखी कठीण झाले. थापच मारायची तर जरा बरी मारावी, असा तो चेहरा होता.

"शिंपी? मंग खाकी कुनाची?" राघोनं विचारलं.

"मिलिटरीचे कपडे शिवतो. कापड उरलं."

राघोनं विचार केला. "शिंप्याकडं कापड उरलं हे पटतं," तो म्हणाला. "बाकीचं नाय पटत."

जनीनं मात्र बोलायचं ठरवलं होतं. उडवीतून निघालेला पेंढा माझ्या सायकलीसकट परत आत कोंबत ती बोलत राहिली, माझ्याकडे न बघता.

"हे मुडे हायत. बियाचं भात पेंढ्यात गुंडाळून आवळलेलं. खायाचं नाय, इकायचं बी नाय. ह्ये खालचं खाचर बगितलं ना तुमी, जिथं तुमची हवा शोधत व्हते? तिथं पानी हटत नाय. त्या पान्यात ह्येच गरवं, उशिरा पिकनारं भात उभं ऱ्हातं, दुसरं टाकलं का कुजतं. माझ्या सासूच्या सासूनं ह्येच पेरलं. गेल्या साली शेजारच्या घरचं बी नेलं सरकारनं. म्हनले, दुसरं मिळंल. मिळालं. पेरलं. कुजलं. आता घर बंद हाय, दोघं वीटभट्टीवर गेलीत. मी कुटं जाऊ ह्या वयात? विटा थापू?"

मी म्हटलं, "मी कोणाला सांगणार नाही."

"कारकून बी असंच म्हनला व्हता," राघो म्हणाला.

जेवायला कोंबडी होती. ती पाहून माझा संशय पुन्हा उठला, कारण आमच्याकडे चाक बसलेल्या माणसासाठी कोणी कोंबडी कापत नाही. तांदळाच्या पांढऱ्याशुभ्र भाकऱ्या, वालाचं बिरडं, कोंबडीचा लालभडक रस्सा. मी राघोनं पहिला घास घ्यायची वाट बघत बसलो. राघो पाहुण्यानं घ्यायची वाट बघत बसला. रश्श्यावर साय धरायला लागली.

"खा रे कोनीतरी!" जनी चुलीपासून ओरडली. "इख घातलंय का काय त्याच्यात?"

नेमका हाच प्रश्न मला विचारायचा होता. पण मग वास असह्य झाला आणि मी जेवलो. असा रस्सा मी पुन्हा खाल्लेला नाही. माझ्या बायकोनं हे वाक्य दोनदा वाचलं तरी चालेल. ती कोंबडी लाच होती, आणि ती देताना त्या माउलीच्या जिवावर आलं होतं, हे मात्र पोटात गेल्यावर उमगलं.

रात्रीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मी उडवीतल्या सायकलीवर लक्ष ठेवून जागा, ती दोघं माझ्यावर लक्ष ठेवून जागी.

सकाळी दुसरा साहेब

सकाळी तोंड धुतोय तोच बांधावरून घंटेचा आवाज आला. सायकल, खाकी हाफपँट, सोला हॅट. मागे एक पट्टेवाला चालत, हातात लांब लोखंडी सळई. राघोनं एकदा त्या साहेबाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि प्रथमच त्याच्या चेहऱ्यावर मला आश्चर्य दिसलं. आपण कोंबडी चुकीच्या माणसाला घातली, हे त्याला कळलं असावं.

कारकुनाला पडसं झालं होतं. वाईट माणूस वाटला नाही. गावोगाव दारं लागलेली बघून कंटाळलेला वाटला. पण मला बघून तो एकदम सावध झाला.

"आपण कोणत्या ऑफिसातून?" त्यानं हळू आवाजात विचारलं. "वरून तपासणीला आलात का? तसं असेल तर माझी सगळी कामं वेळेवर आहेत."

म्हणजे हाही मला भ्यायला. त्या एका चड्डीत मी काय शिवून ठेवलं होतं देव जाणे.

"मी कल्याणचा शिंपी. फिरायला आलोय."

"अस्सं," तो म्हणाला. त्यालाही ते पटलं नाही.

घरातलं भात त्यानं बघितलं, मापून घेतलं, न्यायचं ते वेगळं काढलं. मग कारकून नाक पुसत मागच्या अंगणात आला आणि उडवीसमोर थांबला. बाकी उडवी कशी चोपून बसवलेली, आणि एका बाजूला माझ्या हुशारीमुळे भगदाड पाडून पुन्हा कसंबसं बुजवलेलं.

"ही कोणी उसवली?"

जनीनं गोठ्याचा खांब धरला होता.

"काय आहे आत?" त्यानं पट्टेवाल्याला खूण केली. पट्टेवाल्यानं सळई पुढे केली. उडव्यांत खुपसायला तर ती आणली होती.

मी कोणी शूर माणूस नाही. पण त्या उडवीत काहीतरी लपवून ठेवणारा मूर्ख तिथं एकच होता ज्याला शिक्षा होणार नव्हती.

"थांबा, थांबा! टायर फाटेल!" मी ओरडलो. "माझी सायकल आहे आत!"

सळई हवेत थांबली.

"सायकल? उडवीत?"

"लपवली."

"कोणापासून?"

"यांच्यापासून," मी राघो-जनीकडे बोट दाखवलं. हे खोटंही नव्हतं, म्हणून फार छान वठलं.

मी पुढे झालो आणि सायकल ओढू लागलो. अंगानं भगदाड झाकत, एका पायानं मुडा आत लोटत, तोंडानं कल्याणच्या चोरांच्या गोष्टी सांगत. हँडल निघालं तर पॅडल अडकलं, पॅडल निघालं तर मी पाठीवर पडलो आणि वरून सायकल आणि अर्धा पेंढा माझ्या अंगावर. टोपीत पेंढा, कानात पेंढा. कारकून आधी खोकल्यासारखं हसला, मग हसल्यासारखं खोकला, मग गोठ्याच्या भिंतीला टेकला. पट्टेवाला सळईवर भार टाकून डोळे पुसत होता.

"साहेब, बाकीची उडवी बघू का?" त्यानं विचारलं.

"काय बघतोस? सायकल निघाली, आता आगगाडी निघणारे का?" कारकून म्हणाला. "चल, पुढच्या गावाला हो पुढे." पट्टेवाला सळई खांद्यावर टाकून दुसऱ्या वाटेनं निघून गेला.

माझी सुटका मात्र झाली नाही. सायकल लपवणारा माणूस सायकलीचा मालक असतो हे कारकुनाला पटेना. "आपण माझ्याबरोबर मुरबाडला चला. कोणाची सायकल आहे ते तिथं ठरवू." वर त्यानंच आपल्या पिशवीतून सोल्यूशन काढून माझं चाक जोडून दिलं. सरकारी सोल्यूशन होतं, छान चिकटलं.

निघताना मी जनीकडे बघितलं. म्हटलं, आता तरी हसेल. डोळ्यांनी तरी काही बोलेल. ती माझ्याकडे असं बघत होती, जसं आपण कुलूप लावलं की नाही ते आठवत बघतो.

बांधावर

आम्ही दोघं त्या हातभर वाटेवरून निघालो. तो पुढे, मी मागे. पाण्यावरचं धुकं विरत होतं, टिटवी ओरडत होती, दोन खाकी चड्ड्या आणि दोन सोला हॅटी पाण्यात उलट्या चालल्या होत्या. मोटार नाही, गाडी नाही, माणूस नाही. कारकून सैलावला होता, पडशाची हकिगत सांगत होता.

मी मागे वळून बघितलं.

ओसाड, सपाट मुलूख; एक बगळा हलला तरी कोसभरावरून दिसावा. आणि त्या उघड्या उजेडात राघो आणि जनी उडवी भराभर उसवत होती. जनीच्या डोक्यावर मुडा चढला. राघोनं दोन्ही खांद्यांवर एकेक घेतला. ती दोघं पाण्यातून, खुंटांमधून, पलीकडच्या झाडीकडे निघाली. आम्ही नजरेआड होईपर्यंतसुद्धा त्यांना धीर निघाला नव्हता.

का, ते कळायला मला एक क्षण लागला. ती दोघं बियाणं कारकुनापासून लपवत नव्हती. त्याला ठाऊकच नव्हतं. ती माझ्यापासून लपवत होती. मुडे कुठं आहेत हे माहीत असलेला जगात एकच परका माणूस होता, आणि तो या घडीला वसुलीच्या कारकुनाबरोबर मुरबाडला चालला होता. मला राग आला. एवढं पेंढ्यात लोळलो ते कोणासाठी? आणि मग वाटलं, त्यांच्या जागी मी असतो तर रात्रीच हलवले असते.

"काय हो, गप्प झालात?" कारकुनानं ब्रेक दाबला. "काही विसरलं का मागं?" आणि तो मान वळवू लागला.

विचार करायला वेळ असता तर मी काहीतरी शहाणपणाचं बोललो असतो. वेळ नव्हता. मी हँडल डावीकडे फिरवलं आणि सायकलीसकट बांधावरून खाचरात गेलो.

पाणी गार होतं आणि त्याखालचा चिखल त्याहून गार. तो नाकात गेला, तोंडात गेला, चड्डीत तर असा गेला की पुढं किती धुतली तरी ती खाकी पुन्हा खाकी झाली नाही. मी जेवढं ओरडता येईल तेवढं ओरडलो. "पाय! पाय अडकला! साहेब, बुडालो!" पाणी मांडीपर्यंतही नव्हतं. पण कारकून भला माणूस. सायकल आडवी टाकून, पाठ उडवीकडे करून, बांधावर गुडघे टेकून मला ओढू लागला. मी ओढला जाईना. तो मला वर घेई, मी त्याला खाली घेई. त्याची हॅटही पाण्यात गेली.

त्याच्या खांद्यावरून मला लांबवर दिसत होतं. ओरडणं ऐकून जनी पाण्यात मध्येच थांबली होती. डोक्यावरच्या मुड्याला एक हात धरून तिनं आमच्याकडे बघितलं, दोन साहेब चिखलात झोंबताहेत ते. मग ती वळली आणि आधीपेक्षा भरभर चालू लागली.

शेवटी मी बांधावर आलो. कारकून धापा टाकत, आपल्या चिखलानं भरलेल्या हातांकडे बघत बसला. मग त्यानं डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं.

"खरं सांगा. मुद्दाम पडलात?"

"हो," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. शिंपी आहे, फिरायला आलोय, सायकल माझीच आहे, या सगळ्यावर तो विश्वास ठेवायला एकवेळ तयार झाला असता, यावर नाही. तो उठला, हॅट झटकली आणि सहज म्हणून मागे बघितलं.

घराच्या मागे पेंढा अस्ताव्यस्त पसरला होता. बैल तो खात होते. पलीकडच्या झाडीत कोणी नव्हतं.